गडावरचं श्रमदान आणि मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरून डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं, की आमच्या गटाच्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. दरवर्षी तीच उत्तरं टंकून बोटं दुखली, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून काढलंय. आम्ही कुणी पुरातत्त्वज्ञ नाही. महिन्यातला एक रविवार गडावर घालवणारी नोकरदार, दुकानदार, विद्यार्थी अशी माणसं आहोत. चुका करत शिकलोय, त्यातल्या काही चुका खाली सापडतील.

१. श्रमदान म्हणजे नेमकं करायचं काय असतं?

तोफ गाड्यावर चढवणं, महादरवाजा पुन्हा बसवणं असलं काही डोक्यात असेल तर थोडं खाली या. तसे दिवस येतात, पण विरळा. बहुतेक रविवार जातात ते वाटेवरचा आणि माथ्यावरचा कचरा पोत्यात भरून खाली आणण्यात, पायऱ्यांवर साचलेली माती काढण्यात, वाड्यांच्या जोत्यांवर माजलेली घाणेरी आणि रानमोडी तोडण्यात आणि उन्हाळ्यात कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसण्यात. पहिल्या दोन मोहिमांत तुमच्या हातात टिकाव नव्हे, पोतं येईल. याचा राग येणारे तिसऱ्यांदा येत नाहीत. तेही बरंच आहे.

२. मी आजवर एकही ट्रेक केलेला नाही. जमेल का?

एक परीक्षा घरबसल्या सांगतो. एखाद्या रविवारी आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगड चढा. वर पोचल्यावर दोन वाक्यं न धापता बोलता आली आणि सोमवारी सकाळी घराचा जिना कण्हत न उतरता आला, तर खुशाल या. नाही जमलं तर लोहगडासारख्या पायऱ्यांच्या गडावर कचरा मोहीम असेल तेव्हा या. चढायला जमतं पण वाकून काम करता येत नाही, अशांसाठीही काम असतं. नोंदी ठेवायला, फोटो काढायला आणि पाणी पोचवायला माणूस कायम कमीच पडतो.

३. परवानगी लागते का? आपलेच तर गड आहेत.

लागते. आणि "आपलेच" हे खरं असलं, तरी कागदावर प्रत्येक गडाचा धनी वेगळा असतो. काही गड केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, काही राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. बरेचसे गड कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत, पण जमीन वनखात्याची असते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्लेच बघा. त्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे केंद्राच्या संरक्षणाखाली येतात, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी राज्याच्या. म्हणजे राजगडासाठी एका दाराशी जायचं आणि लोहगडासाठी दुसऱ्याच.

केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू होतो, राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा. केंद्राच्या कायद्यात स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "आम्ही चांगल्या हेतूने दगड हलवला" असं सांगून त्यातून सुटका होत नाही.

आमचा अर्ज एका पानाचा असतो. गड, तारीख, माणसं किती, काम कुठल्या भागात, अवजारं कोणती, निघालेली माती कुठे टाकणार, जबाबदार माणूस कोण, एवढं त्यात येतं. सोबत त्या जागेचे आजचे फोटो. वनहद्द असेल तर एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि गड अभयारण्यात असेल तर वन्यजीव विभागाला. हरिश्चंद्रगड असाच, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. शिवाय सरपंच आणि पोलीस पाटलांना एक पत्र. कायद्याने ते लागो न लागो, गावात शिरताना आपण कोण हे आधी कळलेलं बरं.

फक्त कचरा उचलायचा असेल तर अर्जाची गरज नाही. टिकाव, कोयता, पहार यांतलं काहीही बाहेर निघणार असेल तर अर्ज.

४. गडावर तंबू लावून राहता येतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. लोकांना हे उत्तर आवडत नाही, ठाऊक आहे. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी राजगडावर पद्मावतीच्या देवळात ओळीने पथाऱ्या टाकून रात्री काढल्यात. आता तिथे मुक्कामाला पुरातत्त्व विभागाची मनाई आहे. केंद्र संरक्षित स्मारकं तर सूर्यास्ताला बंदच होतात. वनहद्दीत वनखात्याला विचारावं लागतं आणि अभयारण्यातले नियम आणखी कडक असतात.

कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी दुसरं कारण उरतंच. माथ्यावर तंबूला झक्क वाटणारी सपाट, चारी बाजूंनी दगडांनी आखलेली जागा म्हणजे कुणाच्या तरी घराचं जोतं असतं. तिथे तुम्ही खुंट्या ठोकता आणि वारा अडवायला चौथऱ्याचे दगड उपटून तंबूच्या कडेला रचता. सकाळी तंबू निघतो, दगड तिथेच राहतात. असे चार-दोन हंगाम गेले की घर कुठे होतं ते सांगता येत नाही.

५. मग रात्री राहायचं कुठे? जेवणाचं काय?

पायथ्याच्या गावात. घराची ओसरी, मारुतीचं देऊळ किंवा मुख्याध्यापकांना विचारून शाळेचा व्हरांडा. तंबूची हौसच असेल तर गावकऱ्यांच्या खाचरात लावा. भात निघाल्यावर ती मोकळीच असतात, आणि भाड्याचे पैसेही गावातच राहतात. राजमाचीसारखं ठिकाण तर याबाबतीत सुखाचं. उधेवाडी श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांच्या अगदी पोटात आहे. घरात झोपायचं आणि उजाडता उजाडता कामाला लागायचं.

जेवणाचा दर गाव सांगेल तो, आम्ही घासाघीस करत नाही. पण माणसं किती ते मात्र दोन दिवस आधी पक्कं सांगा. एका मोहिमेला आम्ही चाळीस जण सांगितले आणि पोचलो पंचवीस. मावशी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापत बसल्या होत्या. टोपलीभर भाकऱ्या फडक्याखाली तशाच. त्या ओरडल्या नाहीत. "आता म्हशीची चैन," एवढंच म्हणाल्या. आम्ही पैसे चाळीसांचेच दिले, तरी त्या टोपलीकडे बघवेना. तेव्हापासून शुक्रवारी रात्री आठनंतर नाव मागे घेणाऱ्याकडूनही आम्ही जेवणाचे पैसे घेतो. यावरून आमच्याशी भांडू नका.

६. सोबत काय आणायचं?

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड पॅन्ट, चांगल्या पकडीचे बूट, कापडी टोपी, तीन लिटर पाणी, ताट-वाटी-पेला, विजेरी आणि रोजची औषधं. हातमोजे बांधकामाचे घ्या, पातळ रबरी घेऊ नका. कारवीच्या झुडपाच्या खुंटापुढे ते दहा मिनिटं टिकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत गावातही रात्री कुडकुडायला होतं, तेव्हा पांघरूण हवंच. अत्तर, डिओ, स्पीकर घरी ठेवा (कारण प्रश्न १६ मध्ये). टिकाव, फावडी, घमेली, पहारी गटाच्या असतात. वेफर्सची पाकिटं आणणार असाल तर रिकामी पाकिटं तुमच्याच पिशवीतून परत जातील.

७. कुठल्या महिन्यात काय काम चालतं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाडझुडूप काढणं, पायवाटा आणि पायऱ्या मोकळ्या करणं. मार्च ते मेअखेर टाकी, कारण तेव्हाच पाणी तळाला गेलेलं असतं. उन्हामुळे कामाची वेळ सकाळी सहा ते साडेदहा, नंतर सावली. जून लागला की खोदकाम बंद. पावसाळ्याचं प्रश्न २० मध्ये पाहा.

मे संपता संपता राजमाची किंवा भंडारदऱ्याकडे मोहीम असेल, तर रात्री काजव्यांनी झाड लगडलेलं दिसतं. बघा, मनसोक्त बघा, पण विजेरी आणि मोबाइलचा झोत बंद ठेवून. ते लुकलुकणं नर-मादीचं एकमेकांना हाकारणं असतं, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही.

८. टाक्यातला गाळ काढतात म्हणजे कसं?

हे काम सगळ्यांत कष्टाचं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मजेचंही. कातळात कोरलेलं टाकं बघताना चार हात खोल वाटतं. गाळ निघायला लागला की कळतं, आपण फक्त वरचा चतकोर बघत होतो.

आधी उरलेलं पाणी बादल्यांनी उपसून शेजारच्या टाक्यात. त्यातले बेडूक, खेकडे, मासळी चाळणीने धरून तिकडेच. मग गाळ. वरचा थर आपल्या पिढीचा, त्यात पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एखादी चप्पल. त्याखाली कुजलेला पाला, मग काळाभोर चिखल. त्याचा वास दोन दिवस नखांतून जात नाही. त्याच्याही खाली मुरूम, खापऱ्या, कौलांचे तुकडे, वरून ढासळलेले दगड. आत दोघे फावड्यावर, पायऱ्यांवर ओळीने माणसं आणि हातोहात घमेली. भरलेलं घमेलं डावीकडून येतं, रिकामं उजवीकडून परत जातं. पहिला अर्धा तास गप्पा चालतात, मग फक्त "हं, घे" एवढंच ऐकू येतं. तळाशी छिन्नीच्या तिरप्या खुणा दिसल्या की थांबायचं. पाथरवटाने जिथे काम थांबवलं, तिथेच आपणही.

तीन गोष्टी मात्र पाळा. गाळ टाक्याच्या तोंडाशी टाकायचा नाही, पहिल्या पावसात तो परत आत येतो. प्रत्येक घमेलं चाळल्याशिवाय टाकायचं नाही. आणि एका हंगामात गडावरची सगळी टाकी उपसायची नाहीत. रात्री तिथे भेकर, साळिंदर, रानडुक्कर पाण्याला येतात, दिवसा गावची गुरं. त्यांना एप्रिलमध्ये दुसरा नळ नसतो.

९. गाळात नाणं किंवा तोफगोळा सापडला तर?

हात थांबवा. जिथे आहे तिथेच फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी किंवा पेन ठेवून. किती खोलीवर, टाक्याच्या कुठल्या कोपऱ्यात, हे वहीत टिपा. मग पुरातत्त्व विभागाला कळवा. पंचनामा होतो आणि वस्तू त्यांच्या ताब्यात जाते. गड संरक्षित नसला तरी १८७८ चा निखात निधी कायदा आहेच. मातीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची जुनी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. दहा रुपये वाचून हसू नका, त्या काळचे दहा रुपये ते.

नाणं घासून चकचकीत करू नका. त्यावरचा मळ आपल्याला मळ वाटतो, अभ्यासकाला तोच कामाचा असतो. गावातल्या देवळात किंवा गटाच्या कपाटात ठेवणंही नको. हेतू कितीही चांगला असला तरी कपाटातल्या तोफगोळ्याला कुठला गड आणि कुठलं टाकं हे सांगता येत नाही.

१०. तटातून वाढलेला पिंपळ उपटून का टाकत नाही?

आम्हीही एकदा उपटला. मनगटाएवढं खोड होतं, बुरुजाच्या कोपऱ्यात. तिघांनी दोर बांधून ओढलं. मुळ्या सुटल्या आणि त्यांनी कवटाळलेले तीन घडीव दगड घेऊनच खाली आल्या. मागून माती भुरभुरत राहिली. आम्ही खाली उभे राहून त्या भगदाडाकडे बघत होतो, कुणी काही बोलेना. पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा तिथून आणखी हातभर तट गेला होता.

पिंपळ, वड, उंबर यांची मुळं दगडांच्या सांध्यांत घुसून आधी तट फोडतात आणि मग तोच फुटका तट धरून ठेवतात. म्हणून रोप बोटाएवढं असतानाच काढायचं. त्याहून मोठं असेल तर खोड तटालगत कापायचं आणि मुळी आतच ठेवायची. पुन्हा फुटवा आला की पुन्हा कापायचा. मुळी मारण्यासाठी औषध घालायचं की नाही, कुठलं आणि किती, हे विभागाचे तज्ज्ञ ठरवतील. व्हॉट्सअॅपवर फिरणारे अॅसिड-मिठाचे उपाय दगडाचाही जीव घेतात.

दुसरं टोकही टाळा. दिसेल ते हिरवं कापत सुटणारे लोक उतारावरची कारवीही साफ करतात. सात वर्षांतून एकदा फुलणारी ही कारवी उताराची माती धरून असते. ती गेली की पुढच्या पावसात तटाचा पायाच उघडा पडतो. जोत्यावर आणि तटावर उगवलेलं तेवढंच आपलं काम.

११. पडलेले दगड परत रचले, थोडं सिमेंट लावलं, तर बिघडलं कुठे?

सिमेंटबद्दल आधी. जुनी बांधणी जिथे चुन्याची आहे, तिथे चुना वाळू आणि विटांच्या चुऱ्यासोबत घाण्यात मळलेला असतो. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालण्याची रीत होती. हा चुना मऊ, भिंतीतली ओल बाहेर सोडणारा. सिमेंट कडक आणि बंद. ओल सांध्यातून निघेना की दगडातून निघते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट शाबूत, दगड भुगा, असे सांधे बऱ्याच गडांवर बघायला मिळतील. कितीतरी तट तर शुष्कसांधी आहेत, चुन्याविना नुसते दगडावर दगड बसवलेले. तिथे कसलाही गिलावा परकाच.

रचण्याबद्दल सांगायचं तर, दगड ज्या जागी पडला ती जागासुद्धा नोंद असते. भिंत आत पडली की बाहेर, हे त्यावरून कळतं. पायवाटेत आडवा आलेला दगड फोटो काढून कडेला करा. त्यापुढचं काम संवर्धन वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली आणि विभागाच्या लेखी मंजुरीनेच. भिंतीवर कोरलेले बदाम आणि नावं तारेच्या ब्रशने घासणाऱ्यांनाही हेच उत्तर. नाव जातं, त्यासोबत दगडाचा पृष्ठभागही जातो.

१२. वाढदिवसानिमित्त गडावर शंभर झाडं लावायची आहेत / बीजगोळे टाकायचे आहेत.

भावना पोचली, पण माथ्यावर नको. सह्याद्रीतले सडे, म्हणजे माथ्यावरची कातळाची पठारं, उन्हाळ्यात ओसाड दिसतात म्हणून ते रिकामे नसतात. पावसात त्याच बोटभर मातीत सीतेची आसवं, तेरडा, सोनकी फुलते. कास त्याच जातीची जागा. तिथे खड्डे करून झाडं लावली की फुलांची जागा जाते, झाडही जगत नाही. शिवाय आज लावलेलं रोप तीस वर्षांनी कुणाच्या तरी जोत्यात मुळं घालणार (प्रश्न १० वाचलात ना?).

लावायचीच तर पायथ्याला, गावाने दाखवलेल्या जागी, त्याच डोंगरातली झाडं लावा. जांभूळ, हिरडा, बेहडा, करंज, आंबा. गिरीपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नको. आणि शंभराऐवजी दहाच लावा, मात्र दोन उन्हाळे पाणी घालायला कोण येणार त्याचं नाव आधी सांगा.

१३. टाक्यातलं पाणी प्यायलं तर चालतं का?

गावकरी ज्या टाक्याचं पितात तेच, आणि तेही उकळून किंवा गाळणी-औषध वापरून. त्यात हातपाय धुणं, भांडी बुडवणं, पोहणं अजिबात नाही. पाणी भांड्यात काढून लांब नेऊन वापरा.

१४. रात्री शेकोटी तरी करू द्याल?

गावात, अंगणात, घरमालक म्हणाले तर. गडावर आणि रानात नाही. फेब्रुवारीपासून गवत कागदासारखं पेटतं आणि वारा कड्यावरून वर चढतो. ठिणगी कुठे जाईल याचा नेम नसतो. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी, तीही उघड्या कातळावर.

वणवा दिसलाच तर आधी गावात आणि वनखात्याला फोन. विझवायला जाणं हे जमलेल्या माणसांचं काम आहे. ओल्या फांद्यांनी कडेकडेने झोडपत, वारा पाठीशी ठेवून ते विझवतात. आगीच्या वरच्या बाजूला चढावर कधीही उभे राहू नका. आग चढ चढते तो वेग तुमच्या पायांत नाही.

१५. विचारायला संकोच वाटतो, पण शौचाचं काय?

संकोच कसला, सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. सकाळचं गावातच उरकून चढा. जिथे राहतो त्या घराचं स्वच्छतागृह वापरायची सोय आम्ही आधीच बोलून ठेवतो. वर वेळ आलीच तर पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वाट सोडून, उताराच्या मातीत वीतभर खड्डा करून नंतर बुजवा. जोती, तटाचा आडोसा, गुहा, पडकी देवळं ही आडोशाची ठिकाणं नाहीत. ओले टिश्यू पुरू नका, ते कुजत नाहीत.

पाळीच्या दिवसांत यायला काहीच हरकत नाही. वापरलेले पॅड कागदात, मग बंद पिशवीत आणि शहरात परत. प्रत्येक मोहिमेत महिला समन्वयक असते, तिच्याकडे जादा पिशव्या असतात. न विचारता घ्या.

१६. साप, विंचू, मधमाश्या यांची भीती वाटते.

थोडी वाटलेली चांगली.

आग्या माश्यांची भीती सगळ्यांत जास्त धरा. कड्यावर, दरवाज्याच्या कमानीखाली त्यांची मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि मोठा आवाज यांनी त्या उठतात. म्हणून अत्तर, उदबत्ती, फटाके, हलगी बंद. उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाकून शक्य तितकं दूर पळा. हात झटकू नका, पाण्यात उडी मारू नका. काटा नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले तर १०८.

सापांचा नियम साधा. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. दगड आधी पहारीने हलवायचा, तोही आपल्याकडे ओढून, म्हणजे पलीकडे दबलेल्याला पलीकडेच वाट मिळते. चावलाच तर हालचाल कमीत कमी करून सरकारी रुग्णालय गाठायचं. चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवायचा नाही.

विंचवाला मात्र लोक फार हलक्यात घेतात. कोकणातला लाल विंचू हृदयावर घाला घालतो. एके काळी त्याने माणसं सर्रास दगावत. रायगडाच्या पायथ्याजवळ महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं, तेव्हा चित्र पालटलं. हे औषध वेळेत मिळायला हवं. तेव्हा विंचू चावल्यावर "बघू सकाळपर्यंत" नाही.

दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीकडे उन्हाळ्यात जाणार असाल तर आणखी एक. तिथे गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पॅन्ट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा, नंतर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

१७. मुलांना आणलं तर?

दहा वर्षांपुढची, आईबाबांपैकी एक सोबत असेल तर. टाक्याच्या आणि कड्याच्या कामावर मुलं नसतात. कचरा मोहिमेत ती मोठ्यांपेक्षा सरस, आणि कुणी पुडी टाकली तर तोंडावर बोलायलाही कचरत नाहीत.

१८. प्रमाणपत्र मिळेल का? एनएसएसचे तास धरतात का?

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० प्रमाणे दोन वर्षांत २४० तास असतात. ते धरायचे की नाही हे तुमच्या महाविद्यालयाचे कार्यक्रम अधिकारी ठरवतात, त्यांना आधी विचारा. आम्ही हजेरीचं पत्र देतो, काम केलेल्या तासांचं. प्रवासाचे तास त्यात येत नाहीत. पाच मिनिटं घमेलं धरून फोटो काढलेल्यांना पत्र दिलेलं नाही आणि त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत.

१९. आमच्या कंपनीचे साठ लोक एक दिवस येऊ इच्छितात. टीशर्ट, बॅनर आमचा.

साठ जण एका वेळी गडावर म्हणजे एकशे वीस पाय आणि काम वीस जणांपुरतं. तीन रविवार वीस-वीस या. बॅनर पायथ्याशी, तोही कापडी, आणि जाताना सोबत न्यायचा. खरी मदत करायची असेल तर घमेली, चाळण्या, हातमोजे द्या, किंवा पायथ्याच्या शाळेच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती करा. या दुसऱ्या सूचनेला आजवर एकाच कंपनीने होकार दिला. ते काम मात्र चोख केलं त्यांनी.

ड्रोन उडवायचं विचारणारेही बहुधा हेच असतात. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय नाही, आणि मोहोळाजवळ तर परवानगी असली तरी नाही.

२०. पावसाळ्यात काहीच काम नसतं का?

गडावर नसतं. ओल्या मातीत खोदलं तर पायाच सुटतो. शिवाय धबधबे, कडे, धरणं इथे जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ (पूर्वीचं १४४) खाली बंदी घालतात. निघण्याआधी त्या जिल्ह्याचा आदेश बघा. व्हिडिओत गेल्या आठवड्यात कुणीतरी तिथे नाचत होतं, हा पुरावा नव्हे.

त्या चार महिन्यांत आम्ही वह्या नीट लावतो, नकाशे काढतो, अवजारांना दांडे बसवतो. पायथ्याच्या गावात भातलावणीला हात कमी पडतात, तेव्हा एक रविवार आवणावर जातो. ज्यांच्या ओसरीवर झोपलो त्यांच्या खाचरात कंबर मोडली की पुढच्या मोहिमेची जेवणं कोण करणार हा प्रश्न उरत नाही.

२१. गडावरच्या मूर्तीला गावकऱ्यांनी ऑइलपेंट फासलाय. वीरगळावर (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर) शेंदूर आहे. काढू का?

नको. शेंदूर हा त्या देवाचा आहे, चारशे वर्षं किंवा चार दिवस, कधीपासूनचाही असो. ज्या दगडाला तुम्ही वीरगळ म्हणता तो गावाचा वेताळ किंवा म्हसोबा असतो, त्याला वर्षाला नारळ फुटतो. तो उचलून देवळाबाहेर ओळीत मांडून ठेवणाऱ्या एका गटाला गावाने पुन्हा वर चढू दिलं नाही. आम्हाला त्यात गावाचं काही चुकलं असं वाटत नाही.

ऑइलपेंटचं दुखणं खरं आहे. त्याखाली दगडाची ओल कोंडते, कोरीव काम बुजतं. पण तो काढणं रसायनांचं आणि प्रशिक्षित हातांचं काम आहे. संरक्षित गडावर ते विभागच करतो. आपण एवढंच करू शकतो की पुढच्या जत्रेआधी गुरवाशी आणि तरुण मंडळाशी बसून बोलायचं, नवा हात यंदा देऊ नका म्हणून. एका गावात गुरवकाकांनी आम्हाला उलट विचारलं, "रंग नाही दिला आन् देव कोपला, तर तुम्ही येनार का परत?" येतो, असं सांगून आलो. दर महिन्याला जातो. रंग अजून आहे, पण गेल्या जत्रेला नवा हात चढला नाही.